जुनी गाडी, मूळ गाडी

१९२३ सालच्या एखाद्या अमेरिकन गाडीच्या रेडिएटरभोवती निळसर, थंड चकाकी दिसली की जाणकार मान हलवतात. त्या काळी गाड्यांवर मुलामा असे तो निकेलचा. निकेलचा रंग किंचित पिवळट, ऊबदार. ते काळवंडतं, पुन्हा पुन्हा पुसावं लागतं. गाड्यांवर क्रोम सर्रास आलं ते त्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे मध्ये कधीतरी कुणीतरी ही गाडी नवी केली आहे आणि नवी करताना तिला तिच्या जन्मकाळी ठाऊक नसलेला चेहरा दिला आहे. त्यात फसवण्याचा हेतू बहुधा नसतोच. मालकाला गाडी झकास दिसायला हवी असते, इतकंच. पण समोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला ती गाडी १९२३ सालाबद्दल एक चुकीची गोष्ट सांगत राहते.

हेतू चांगला, काम सुबक, आणि तरीही परिणाम खोटा. अशा कामाला काय म्हणायचं? जुनी वस्तू नीट करणं हे सत्कृत्य कधी ठरतं आणि अतिक्रमण कधी? माझा व्यवसाय भाषांतराचा. गाड्यांशी माझा संबंध आला तो कागदांमधून. एका खासगी संग्रहातल्या, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या अमेरिकन गाड्यांची माहिती मराठीत आणि हिंदीत करून देण्याचं काम माझ्याकडे आलं. त्या कागदांत 'ओरिजिनल' हा शब्द पानोपानी होता. ओरिजिनल इंजिन, ओरिजिनल रंग, आणि सर्वांत विचित्र म्हणजे 'ओरिजिनल स्थितीत आणलेली'. मराठीत मला 'मूळ' म्हणता येत होतं, 'अस्सल' म्हणता येत होतं. पण मूळ म्हणजे आधीपासून असलेलं, आणि अस्सल म्हणजे बनावट नसलेलं. जे आधीपासून आहे ते 'आणायचं' कुठून? त्या एका वाक्यापाशी मी अडले आणि तिथून या विषयात शिरले.

आधी ओळख पटवण्याबद्दल. जुनी गाडी ओळखणं हे हस्तलिखिताचा काळ ठरवण्यासारखंच काम आहे. फोर्डचं मॉडेल ए घ्या. ते डिसेंबर १९२७ मध्ये बाजारात आलं आणि जेमतेम चार वर्षांत ४८ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. इतक्या गर्दीत एखादी गाडी कोणत्या सालची हे कसं ओळखायचं? १९२८ आणि १९२९ सालच्या गाड्यांची चाकं २१ इंची, तर १९३० आणि १९३१ सालच्यांची १९ इंची. पहिल्या दोन वर्षांत रेडिएटरच्या चौकटीवर निकेल, पुढच्या दोन वर्षांत स्टेनलेस स्टील. जुन्या फोटोत गाडीचा मागचा भाग दिसत नसला, तरी एक चाक आणि रेडिएटरची उंची पाहून जाणकार साल सांगतात. पण एकाच खुणेवर विश्वास ठेवत नाहीत, कारण चाकं बदलता येतात. खुणा एकमेकींना दुजोरा देतात का, हे पाहावं लागतं. पाठचिकित्सा करणाराही हेच करतो. एका ओळीतला जुना प्रत्यय पाहून तो पोथी जुनी ठरवत नाही.

मग आकडे. मॉडेल ए फोर्डमध्ये गाडीची ओळख म्हणजे इंजिनावर ठोकलेला क्रमांक. तोच क्रमांक चॅसिसच्या पट्टीवरही ठोकलेला असे, पण वर बॉडी बसल्यावर तो झाकला जाई. बॉडी उचलल्याखेरीज तो दिसत नाही. पॅकार्डच्या गाड्यांत इंजिनाच्या आणि बैठकीच्या मधल्या पत्र्यावर एक छोटी पाटी असे. तिच्यावर गाडी विकणाऱ्याचं नाव आणि ती ग्राहकाच्या हाती दिल्याची तारीख उमटवलेली असे. पोथीच्या शेवटी लेखक आपलं नाव, शके आणि तिथी लिहितो, तशीच ही पुष्पिका.

आता खरी गंमत. मॉडेल ए चं इंजिन निकामी झालं की विक्रेत्याकडून बदली इंजिन मिळे. ते कोरं असे, क्रमांकाशिवाय. त्यावर जुन्या इंजिनाचा क्रमांक ठोकायचा, अशी रीत होती. म्हणजे क्रमांक त्या लोखंडाचा नव्हता. लोखंड गेलं तरी क्रमांक राहिला, जसं माणसाचं नाव दत्तक मुलाकडे जावं. मग अशा गाडीचं इंजिन 'मूळ' म्हणायचं की नाही? त्या काळच्या रीतीप्रमाणे ती गाडी अखंड आहे. आजच्या संग्राहकाच्या कसोटीवर तीच गाडी थोडी कमअस्सल ठरते. वस्तू एकच, दोन काळांनी तिला दोन वेगळे प्रश्न विचारले आहेत.

तत्त्वज्ञानाला हा प्रश्न नवा नाही. अथेन्सच्या लोकांनी थीसियसचं जहाज जतन केलं, कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवत गेले, आणि शेवटी हे जहाज तेच का, असा वाद तत्त्ववेत्त्यांत सुरू झाला, असं प्लुटार्क सांगतो. पुढे १६५५ साली हॉब्जनं त्याला पीळ दिला. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमानं जोडून दुसरं जहाज उभं केलं, तर मूळ जहाज कोणतं? वर्गात हा प्रश्न शिकताना तो निव्वळ कल्पनाविलास वाटतो. ड्यूसेनबर्ग गाड्यांच्या दुनियेत तो रोजचा व्यवहार आहे.

ड्यूसेनबर्ग मॉडेल जे हे १९२८ च्या अखेरीस न्यूयॉर्कला दाखवण्यात आलं. कारखाना इंडियानापोलिसला. कंपनीनं सांगितलेली ताकद २६५ अश्वशक्ती, त्या काळी इतरांना न झेपणारी. सुमारे ४८० गाड्याच बनल्या. कारखाना इंजिनासह चॅसिस विके. बॉडी बांधणारे कारागीर वेगळे, आणि ग्राहक आपल्या आवडीनं ती बांधून घेई. या व्यवस्थेमुळे बॉडी बदलणं सोपं होतं आणि ती बदललीही जात असे. कुणी जुन्या चॅसिसवर नवी फॅशनेबल बॉडी चढवी. उतरवलेली बॉडी दुसऱ्याच्या चॅसिसवर जाई. आज त्यांपैकी कुणी एकानं आपल्या चॅसिसवर तिची पहिली बॉडी परत आणली, तर दुसऱ्या गाडीचं काय? ऐंशी वर्षं ती बॉडी अंगावर वागवलेली ती गाडी एका रात्रीत उघडी पडते. म्हणूनच या गाड्यांच्या संघटना चॅसिस, इंजिन आणि बॉडी यांचे क्रमांक ताडून प्रमाणपत्रं देतात. हॉब्जच्या कोड्याचा निकाल तिथे तक्ते भरून लावला जातो.

यांतली एक गाडी आपल्या ओळखीची आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी १९३५ च्या सुमारास तयार झालेली ड्यूसेनबर्ग. चॅसिस आणि इंजिन इंडियानापोलिसचं, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांची, रंग केशरी आणि काळा, मालक मराठी राजघराण्यातला. ही गाडी मुळात कुठली? अमेरिकन, इंग्रजी की इंदुरी? माझ्या मते हा प्रश्नच जरा चुकीचा आहे. ती तिन्ही ठिकाणची आहे, कारण ती एका क्षणी जन्मली नाही, टप्प्याटप्प्यानं होत गेली.

होळकरांचं नाव निघालं म्हणून एक आठवण देते. अहिल्याबाईंनी देशभर मंदिरांचे आणि घाटांचे जीर्णोद्धार केले. आपल्या भाषेत जीर्णोद्धार हे पुण्यकर्म आहे. त्यात दगड नवा की जुना, हा सवाल दुय्यम. पूजा चालू राहिली की देऊळ तेच. उलट रस्किननं १८४९ साली इमारतींचा जीर्णोद्धार म्हणजे असत्य, असा निवाडा दिला. एका परंपरेत वस्तू टिकते ती वापराच्या सातत्यात, दुसरीत ती टिकते द्रव्यात. आणि तिसरी वाट मिलिंदपञ्हात दिसते. भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तू रथानं आलास ना? मग रथ कुठे आहे? दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ? चाकं? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की या भागांच्या आधारानं चाललेलं 'रथ' हे एक नाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा संवाद नेमका वाहनाबद्दलच आहे, याचा मला फार आनंद होतो.

पण नागसेनाचं उत्तर पुरतं का? 'मूळ गाडी' नावाचं कोणतंही सत्त्व नसेल, तर खोटं कोणतं आणि खरं कोणतं? इथे घाई करू नये. सत्त्व नसलं तरी इतिहास असतो. ही फळी अमुक साली बसवली, हे एक तर घडलं आहे किंवा घडलेलं नाही. 'ही गाडी मूळ आहे का' या प्रश्नाला कदाचित उत्तर नसेल. 'हिच्यावर काय काय घडलं' या प्रश्नाला आहे. नीती पहिल्या प्रश्नावर उभी करता येत नाही, दुसऱ्यावर करता येते.

अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेली अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका ही मोठी संघटना आहे. तिच्या स्पर्धांत गाडी कशाशी ताडून पाहतात? विक्रेत्यानं ग्राहकाच्या हाती देताना ती जशी असू शकली असती, त्या स्थितीशी. कसोटी स्पष्ट आहे, आणि तिच्यामुळे निकेलच्या जागी क्रोम चढवणाऱ्याला गुण गमवावे लागतात, हेही चांगलंच. पण त्या कसोटीत एक गृहीत लपलेलं आहे: गाडीच्या आयुष्यातला तो एक दिवस खरा, पुढचं सगळं घाण. शेवटी हिशेब होतो तो या गृहीताचा.

१९३० च्या दशकातली मंदी आठवा. शेतमालाला भाव नाही, नवा ट्रॅक्टर परवडत नाही. अनेक शेतकऱ्यांनी आपल्या फोर्ड गाड्यांचा मागचा भाग कापला आणि त्यांचे घरगुती ट्रॅक्टर केले. कुणी सेडान कापून माल वाहायला पिकअप केली. ज्यांना पेट्रोलही परवडेना त्यांनी गाडीला खेचरं जुंपली. अशा वाहनाला लोक अध्यक्षांच्या नावानं चिडून 'हूवर वॅगन' म्हणत. आता अशी एक कापलेली मॉडेल ए आज कुणाच्या तरी गोठ्यात सापडली. तिला पुन्हा सेडान करायचं? बाजारातून पत्रा मिळतो, दारं मिळतात, काम सुबक होईल, साल-सनावळीत एक चूक सापडणार नाही. आणि एका कुटुंबानं त्या दहा वर्षांत कसे दिवस काढले याचा एकमेव पुरावा करवतीखाली जाईल. ही गाडी खोटं बोलणार नाही कदाचित, पण तिला गप्प केलेलं असेल.

एवढ्यासाठीच मला वडोदऱ्याच्या एका गॅरेजमधली दुपार महत्त्वाची वाटते. तिथे १९३० सालची एक शेव्हरोले उघडून ठेवली होती. त्या काळच्या बहुतेक अमेरिकन बॉड्यांप्रमाणे हिचाही सांगाडा लाकडी, वर पत्रा. पत्रा टिकतो, आतलं लाकूड कुजतं. गाडी बाहेरून शाबूत आणि आतून पोकळ होत जाते. मिस्त्री सत्तरीचे, सगळे त्यांना चाचा म्हणत. दाराचा पत्रा उलगडल्यावर आतल्या लाकडावर पेन्सिलीनं लिहिलेला एक आकडा निघाला होता, घाईच्या हातानं लिहिलेला, बहुधा जोडणी करणाऱ्या कामगाराचा. लाकूड बोटानं दाबलं तर भुसा पडत होता. मालकाचं म्हणणं, सगळं काढा आणि सागवान घाला. ते अवाजवी नव्हतं. त्या दाराला बिजागरी धरेना.

"चाचा, याचं काय करणार?" मी विचारलं.

"दार तो नया बनेगा, बेटी," ते म्हणाले, "पण ज्यानं हे लिहिलं त्याला मी थोडाच काढून टाकणार?" आकडा असलेला वीतभर तुकडा त्यांनी कापून वेगळा ठेवला. नव्या दाराच्या आतल्या बाजूला, पत्र्याआड, आपल्या नावाची आद्याक्षरं आणि साल पेन्सिलीनं लिहिलं. तुकडा मालकाला देताना कागदात गुंडाळून दिला आणि वर लिहिलं की तो डाव्या दाराचा आहे.

चाचांनी केलं ते कोणत्या सनदेत वाचून केलं नव्हतं. पण जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं २०१२ साली मान्य केलेली ट्युरिनची सनद हेच सांगते: जतन आधी, जीर्णोद्धार नंतर, बदललेला भाग ओळखता यावा अशी टिकाऊ पण डोळ्यांत न खुपणारी खूण हवी, आणि केलेल्या कामाची नोंद हवी. आपल्याकडे या वृत्तीचं सर्वांत मोठं उदाहरण पुण्यात आहे. भांडारकर संस्थेनं जवळपास अर्धं शतक खपून महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. त्यातला पाठ जसाच्या तसा कोणत्याही एका पोथीत नाही. तोही अनेक गाड्यांचे भाग जुळवून केलेल्या गाडीसारखाच आहे. तरी त्याला कुणी बनावट म्हणत नाही. का? कारण जिथे पाठ निश्चित नाही तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ आहे, आणि नाकारलेले पाठ तळटीपांत जपले आहेत. संपादकानं निवड केली, पण निवड झाकली नाही.

मग सगळा प्रश्न प्रांजळपणाचाच आहे का? काय बदललं ते सांगा आणि हवं ते करा? बराच काळ मला तसं वाटत होतं, कारण भाषांतरकाराची नीती तेवढीच असते. मी एखादी कादंबरी मराठीत आणताना कितीही स्वातंत्र्य घेतलं, तरी मूळ पुस्तक कपाटात अभंग असतं. उद्या दुसरी कुणी येऊन माझ्याहून चांगलं भाषांतर करील. माझं काम मूळ संहितेच्या शेजारी उभं राहतं. गाडी नीट करणाऱ्याला ही सोय नाही. तो मूळ संहितेवरच लिहितो. त्याच्या हातात एकच प्रत आहे, आणि त्याचं भाषांतर म्हणजे त्या प्रतीवरची खाडाखोड. रंगाचा जुना थर एकदा घासला की त्याची नोंद उरते, थर उरत नाही. मॉडेल ए चा ट्रॅक्टर पुन्हा सेडान झाला की तसं झाल्याचं प्रामाणिक प्रमाणपत्र मिळेल, ट्रॅक्टर मिळणार नाही.

म्हणून दोन कर्तव्यं वेगळी करायला हवीत. एक पाहणाऱ्याशी: त्याला खोटं सांगू नये. हे नोंदीनं, खुणेनं पुरं होतं. दुसरं ज्यांना बोलता येत नाही त्यांच्याशी: पेन्सिलीनं आकडा लिहिणारा कामगार, गाडी कापणारा शेतकरी, आणि पुढे कधीतरी असे प्रश्न विचारणारी माणसं जे आपल्याला आज सुचलेलेही नाहीत. त्यांच्याशी असलेलं कर्तव्य बोलून पुरं होत नाही. ते हात आवरूनच पुरं होतं. शंभर वर्षांपूर्वी निकेल की क्रोम हा प्रश्न क्षुल्लक होता. आज त्यावरून काळ ठरतो. उद्या कशावरून ठरेल, आपल्याला माहीत नाही. तेव्हा जे काढल्यावाचून चालतं ते काढू नये.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो मी झटकू शकत नाही. न चालणारी गाडी ही गाडी आहे का? हात आवरत बसलो तर उरेल तो गंजाचा ढीग, आणि कुजक्या लाकडाच्या दारातून कुणी आत बसणार नाही. ज्या वस्तूचं असणं चालण्यात आहे, तिला न चालवता जपणं हाही एक प्रकारचा खोटेपणा. देवळात पूजा थांबली की दगड शिल्लक राहतात, देऊळ राहत नाही, असं म्हणणाऱ्या आपल्या परंपरेला इथे दाद द्यावी लागते. माझं उत्तर एवढंच: चालण्यासाठी जे लागतं ते बदलण्याला कारण आहे, चकाकण्यासाठी जे लागतं त्याला नाही. ब्रेक, टायर, वायरिंग, कुजलेला सांगाडा, हे पहिल्यात येतं. झिजलेली बैठक, उडालेला रंग, वाकलेला मडगार्ड, हे दुसऱ्यात. सीमेवर वाद होतील. व्हावेत.

आपल्याकडच्या कायद्यानंही या वादात उडी घेतली आहे. जुलै २०२१ पासून केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या वाहनांची वेगळी नोंदणी होते. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नियम हवाच होता. पण त्याची भाषा वाचताना भाषांतरकार म्हणून मी थबकते. फेरफार 'नाही' असं सांगणाऱ्याला मान्यता, फेरफार 'झाला आणि तो असा झाला' असं सांगणाऱ्याला अडचण. ज्यानं मंदीत, युद्धात, टंचाईत गाडी कशीबशी चालती ठेवली त्याची दुरुस्ती अशा चौकटीत दोष ठरू शकते, आणि ती लपवण्याचा मोह चौकटच निर्माण करते. कायद्यानं मूळपणा मागण्यापेक्षा इतिहास मागावा: गाडीसोबत तिच्यावर घडलेल्या कामाची वही हवी, आणि ती वही जितकी भरलेली तितकी गाडी अधिक विश्वासार्ह मानावी.

'ओरिजिनल स्थितीत आणलेली' या वाक्याचं मी शेवटी 'कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखी केलेली' असं केलं. लांबलं खरं, आणि संग्राहकाच्या माणसाला ते फारसं आवडलं नाही. पण त्यात 'सारखी' आहे आणि 'केलेली' आहे. एका शब्दात ती गाडी तो दिवस नाही हे कबूल होतं, आणि दुसऱ्यात कुणाचे तरी हात दिसतात.